मिल्टनमध्ये टिकलेले घर पुढच्या वादळात सुरक्षित राहील का?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात चूक असल्यास तुम्हाला ती दुरुस्त करता येईल. तुम्ही वर्षभरापूर्वी न्यू जर्सीहून फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्गला राहायला आलात. घर बैठे, काँक्रीट ब्लॉकचे आणि २००६ सालचे आहे, खिडक्यांना आघात सोसणाऱ्या काचा आहेत आणि जागा इव्हॅक्युएशन झोन ‘बी’मध्ये येते, म्हणजे वादळाआधी रिकाम्या करायच्या पट्ट्यांपैकी ‘ए’नंतरच्या दुसऱ्या पट्ट्यात. शेजारचे गृहस्थ तेथे तीस वर्षे राहत आहेत. २०२४ मध्ये हेलीन हे चौथ्या श्रेणीचे आणि मिल्टन हे तिसऱ्या श्रेणीचे वादळ येऊनही आपले फक्त कुंपण पडले, प्रशासन लोकांना उगाच घाबरवते, असे त्यांनी तुम्हाला सांगितले. आता जुलै ते ऑक्टोबर तुमचे आईवडील साताऱ्याहून येणार आहेत, आई इन्सुलिन घेतात, आणि अशा माणसांना घेऊन रस्त्यावर निघण्यापेक्षा पक्क्या घरात थांबणे अधिक शहाणपणाचे नाही का, असे तुम्ही विचारले आहे.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. २००४ पासून फ्लोरिडात आणि मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर वादळानंतर इमारतींची पाहणी करणे हा माझ्या कामाचा मोठा भाग राहिला आहे. मी हवामानशास्त्रज्ञ नाही. त्यामुळे वादळ कोठे जाईल हे मी सांगू शकत नाही, पण ते येऊन गेल्यावर काय उरते ते मी पुष्कळ पाहिले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की तुमचा प्रश्न वरवर घराच्या मजबुतीचा वाटला, तरी मुळात तो मोजमापाचा आहे. तुमच्या शेजाऱ्यांनी चौथ्या आणि तिसऱ्या श्रेणीची वादळे सोसली असे ते म्हणतात. प्रत्यक्षात त्यांनी या दोन्ही वादळांची केवळ कड पाहिली आहे.

हेलीन २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री पेरी या गावाजवळ किनाऱ्याला लागले, म्हणजे तुमच्यापासून दीडशे मैलांहून अधिक उत्तरेस. तुमच्या समोरून जाताना त्याचे केंद्र शंभराहून अधिक मैल दूर भर समुद्रात होते. इतक्या अंतरावरूनही त्याने टॅम्पा उपसागरात सहा फुटांहून अधिक उधाण (वाऱ्याने किनाऱ्यावर चढवलेले समुद्राचे पाणी) आणले, सेंट पीटर्सबर्गच्या पाणीपातळी मापकावर त्या आधी कधी नोंदली गेली नव्हती इतकी उंची गाठली, आणि तुमच्या पिनेलास काऊंटीत (जिल्ह्यात) दहाहून अधिक माणसे दगावली. पाणी झोन ‘बी’मधील तुमच्या गल्लीपर्यंत पोहोचले नाही याचे श्रेय घराला नाही, अंतराला आहे.

मिल्टनची गोष्ट याहून फसवी आहे. आखातात असताना त्याच्या वाऱ्याचा वेग ताशी १८० मैलांपर्यंत गेला होता आणि ९ ऑक्टोबर २०२४ च्या संध्याकाळी ते सियेस्टा कीजवळ, म्हणजे तुमच्या दक्षिणेस जेमतेम तीस-पस्तीस मैलांवर, तिसऱ्या श्रेणीचे म्हणून जमिनीवर आले. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. त्यामुळे केंद्र दक्षिणेकडून गेले की तुमच्याकडे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि उपसागरातील पाणी बाहेर ढकलले जाते. तसेच झाले, २०२२ मध्ये इयानच्या वेळीही टॅम्पा उपसागराचे पाणी असेच ओसरले होते. वाऱ्याने ट्रॉपिकाना फील्ड स्टेडियमचे छप्पर फाडले, सेंट पीटर्सबर्गमध्ये १८ इंचांच्या आसपास पाऊस पडला, पण समुद्र आत आला नाही. हेच केंद्र तीस-चाळीस मैल उत्तरेकडून आत शिरले असते, तर तोच वारा आखाताचे पाणी उपसागरात कोंबत राहिला असता. एवढा फरक पूर्वअंदाजाच्या नेहमीच्या चुकीत सहज बसतो. टॅम्पा उपसागरावर मोठे वादळ थेट येऊन आदळण्याची शेवटची घटना ऑक्टोबर १९२१ मधली आहे. तेव्हा दहा फुटांच्या आसपास पाणी चढले होते, आणि आज त्याच किनाऱ्यावर लाखो लोकांची वस्ती आहे. तीस वर्षांचा अनुभव येथे कमी पडतो तो यामुळे.

आता श्रेणीविषयी. हर्बर्ट सॅफिर हे अभियंते आणि रॉबर्ट सिम्पसन हे हवामानशास्त्रज्ञ यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केलेली ही पाच पायऱ्यांची पट्टी आज फक्त वारा मोजते, आणि तोही वादळात कोठेतरी आढळणारा एका मिनिटाच्या सरासरीचा सर्वाधिक वारा. पूर्वी तिच्यासोबत उधाणाची अंदाजित उंचीही दिली जात असे. २०१० पासून ती काढून टाकण्यात आली, कारण वाऱ्याची श्रेणी आणि पाण्याची उंची यांचा मेळ बसत नव्हता. वादळ किती रुंद आहे, किती संथ चालते आहे, किनाऱ्याला कोणत्या कोनात भिडते आहे आणि समोरचा समुद्र किती उथळ आहे, यांवर पाणी ठरते. फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा समुद्रतळ दूरवर उथळ आहे, आणि म्हणूनच तेथे पाणी साचून चढायला फार अनुकूल जागा मिळते.

हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरे झाले असते. १३ ऑगस्ट २००४ रोजी चार्ली हे वादळ कायो कोस्टा बेटावर ताशी १५० मैलांच्या वाऱ्यासह आले. ते अगदी आटोपशीर आणि वेगाने पुढे सरकणारे वादळ होते. पुंटा गोर्डा परिसरात त्याने छपरे आणि फिरती घरे अक्षरशः भिरकावली, पण उधाण सहा-सात फुटांच्या वर गेले नाही आणि त्याचा विस्तारही मर्यादित राहिला. मी त्या वेळी नवखा होतो. तेथून थोड्या दक्षिणेला किनाऱ्याजवळचे एक ब्लॉकचे घर मी तपासले, त्याला तडा सापडला नाही, आणि घराच्या मालकीणबाईंना मी मोठ्या खात्रीने सांगितले की तुमच्या घराने चौथ्या श्रेणीचे वादळ पेलले आहे.

२८ सप्टेंबर २०२२ रोजी इयान त्याच कायो कोस्टा बेटावर, त्याच ताशी १५० मैलांच्या वाऱ्यासह आले. श्रेणी तीच, जागा तीच. पण इयान कितीतरी रुंद होते आणि संथ चालत होते, आणि त्याच्या उजव्या बाजूला असलेल्या फोर्ट मायर्स बीचवर जमिनीपासून दहा ते पंधरा फूट पाणी चढले. अमेरिकेत त्या वादळाने दीडशेहून अधिक बळी घेतले आणि ज्यांचा मृत्यू थेट वादळाने झाला त्यांतील बहुसंख्य माणसे उधाणात बुडाली. पाहणीसाठी मी पुन्हा त्या भागात गेलो तेव्हा त्या बाईंचे घर उभे होते. भिंतींना या वेळीही तडा नव्हता. आत पाण्याची रेषा दाराच्या चौकटीच्या वर उमटलेली होती आणि फ्रिज तरंगत जाऊन न्हाणीघराच्या दारात आडवा अडकला होता. त्या आणि त्यांचे पती घरातच थांबले होते. पाणी छातीपर्यंत आल्यावर खिडकी फोडून ते बाहेर पडले, शेजारच्या दुमजली घराच्या जिन्यापर्यंत पोहोचले आणि म्हणून वाचले. घर का सोडले नाहीत असे मी विचारले, तेव्हा त्यांनी माझेच २००४ चे वाक्य मला सांगितले. त्या दिवसापासून, कोणत्या घराने कोणत्या श्रेणीचे वादळ सोसले, असे विधान मी तोंडी किंवा लेखी कधीही केलेले नाही.

हे केवळ फ्लोरिडात घडते असे नाही. मिसिसिपीच्या किनाऱ्यावर १९६९ मध्ये पाचव्या श्रेणीचे कॅमिल आले आणि सुमारे २४ फूट पाणी घेऊन आले. जेथे तेव्हा पाणी पोहोचले नाही ती जागा सुरक्षित, असा ठाम समज पुढे पस्तीस वर्षे त्या भागात राहिला. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना किनाऱ्यावर आले ते तिसऱ्या श्रेणीचे म्हणून, त्यामुळे कॅमिल पाहिलेली माणसे निर्धास्त राहिली. त्याच किनाऱ्यावरील पास क्रिश्चियन येथे पाणी सुमारे २८ फुटांपर्यंत चढले. टेक्सासमधील बोलिव्हर द्वीपकल्पावरची वस्ती २००८ मध्ये पुसून टाकणारे आइक तर दुसऱ्याच श्रेणीचे होते. रूढ व्याख्येप्रमाणे ते ‘मोठे वादळ’ या गटातही मोडत नाही.

तुमच्या घराकडे वळतो. वाऱ्यापुरते बोलायचे तर ते बरे घर आहे. १९९२ च्या अँड्र्यू वादळाने दक्षिण फ्लोरिडातील बांधकामाचा निकृष्टपणा उघडा पाडल्यानंतर राज्यभर एकच बांधकाम संहिता आली आणि ती २००२ पासून लागू झाली, त्यामुळे २००६ च्या घरात छपराचे वासे भिंतीला पोलादी पट्ट्यांनी बांधलेले असण्याची शक्यता चांगली आहे. तरीही दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, घराच्या कागदपत्रांत वाऱ्याचा जो वेग लिहिलेला असतो तो तीन सेकंदांच्या झोताचा असतो, आणि श्रेणी ठरते ती एका मिनिटाच्या सरासरीवर. म्हणून कागदावर ताशी १३० मैल दिसले की घर चौथ्या श्रेणीला टिकेल, हा निष्कर्ष चुकीचा आहे. दुसरे, वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. सोळा फूट रुंद आणि सात फूट उंच अशा दोन गाड्यांच्या गॅरेजच्या दारावर ताशी ७५ मैलांचा वारा ढोबळमानाने ७३० किलोंचा भार टाकतो. वेग दुप्पट झाला की तोच भार जवळजवळ तीन टनांवर जातो. मी पाहिलेल्या पडझडीत सुरुवात बहुधा या दारापासून झालेली असते. दार आत कोसळले की वारा घरात शिरतो, आतून छपराला वर रेटतो, बाहेरून वारा छप्पर वर ओढतच असतो, आणि दोन्ही जोर एकत्र आले की वासे उखडतात. दाब समान राहावा म्हणून एखादी खिडकी उघडी ठेवावी, हा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. तो पाळू नका, कारण त्याने हेच संकट आपण होऊन ओढवते. खिडक्यांवर चिकटपट्ट्या लावण्याचाही काही उपयोग नाही. तुमची कौले अथवा शिंगल्स मूळचीच असतील तर त्यांना वीस वर्षे होत आली, तेव्हा या हंगामाआधी छप्पर तपासून घ्या आणि गॅरेजच्या दाराला वाऱ्याचे मानांकन आहे का ते दारावरच्या पट्टीवर पाहा.

आईवडिलांना हे समजावताना निसर्ग वादळाचा दाखला उपयोगी पडेल. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगरजवळ ते आले तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. भारतीय हवामान विभाग तीन मिनिटांची सरासरी घेतो, त्यामुळे आकड्यांची तुलना तंतोतंत होत नाही, पण अमेरिकी पट्टीवर तो वारा पहिल्या पायरीच्या आसपास भरतो. तेवढ्याने दापोली, मंडणगड, मुरूड, श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि कौलांचे काय झाले ते आपण पाहिले. तिसरी श्रेणी ताशी १७८ किलोमीटरपासून सुरू होते, म्हणजे वर्गाचा नियम लावला की दाब दुपटीहून अधिक.

हे सारे वाऱ्याविषयी झाले, आणि वाऱ्यापासून पक्के घर वाचवू शकते. पाण्यापासून वाचवू शकत नाही, आणि खरा धोका पाण्याचाच आहे. १९६३ ते २०१२ या पन्नास वर्षांत अमेरिकेत अटलांटिक वादळांनी थेट घेतलेल्या बळींपैकी जवळजवळ निम्मे उधाणाचे होते आणि पावसाच्या पुराचे बळी त्यात मिळवले की पाण्याचा वाटा बराच मोठा होतो. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन; ते वाहत येते आणि सोबत गाड्या, तुळया, बोटी आणते. सहा इंच वाहते पाणी धडधाकट माणसाचे पाय उचलते आणि दोन फुटांत बहुतेक गाड्या तरंगू लागतात. बैठ्या घरात तर वर जायला जागाच नसते. बाहेर पाणी चढले की त्याच्या रेट्याने दार उघडत नाही, वीज गेलेली असते, आणि ज्या काचा वाऱ्याला दाद देत नाहीत त्या आतून फोडणेही तितकेच कठीण असते. छपराखालच्या पोकळीत चढून बसलेली आणि तेथेच अडकलेली माणसे न्यू ऑर्लिन्सने २००५ मध्ये पाहिली. हेलीनच्या आधी टेलर काऊंटीच्या शेरीफ कार्यालयाने, जे थांबणार असतील त्यांनी आपले नाव आणि जन्मतारीख न पुसणाऱ्या शाईने अंगावर लिहून ठेवावी, अशी विनंती केली होती. नंतर ओळख पटवण्याचे काम ज्यांच्यावर येते, त्यांनी ती केली होती.

येथे आणखी एक गोंधळ नेहमी आढळतो. इव्हॅक्युएशन झोन आणि विम्यासाठीचा फ्लड झोन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या कर्जदात्याने पूरविम्याची सक्ती केली नसेल तर घर फ्लड झोन ‘एक्स’मध्ये, म्हणजे विम्याच्या नकाशावर कमी धोक्याच्या भागात, असू शकते, आणि तरीही ते इव्हॅक्युएशन झोन ‘बी’मध्ये आहे, कारण तो झोन मोठ्या वादळात उधाण कोठवर येऊ शकते यावरून आखलेला असतो. कर्जाच्या कागदांवरून सुरक्षिततेचा निष्कर्ष काढू नका. तसेच साधी घरविम्याची पॉलिसी पुराचे नुकसान भरत नाही आणि सरकारी पूरविमा साधारणपणे तीस दिवसांनी लागू होतो, म्हणून तो जूनच्या आधीच घ्यावा.

आता तुमच्या शंकेतील जो भाग योग्य आहे तो मी मान्य करतो. वृद्ध माणसांना घेऊन निघणे धोक्याचे असू शकते. २००५ मध्ये रिटा वादळाआधी ह्यूस्टन परिसरातून वीस लाखांहून अधिक लोक एकाच वेळी निघाले, तासन् तास उन्हात अडकले, आणि त्या स्थलांतरातच शंभराच्या आसपास माणसे मेली. त्यांतील पुष्कळ जणांना निघण्याची गरजच नव्हती. म्हणून मी सरसकट सर्वांना निघा असे सांगत नाही. तुम्ही झोनच्या बाहेर, उंचावर राहत असता आणि छप्पर नीट असते, तर दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत घरीच थांबा असा सल्ला मी दिला असता. फ्लोरिडात म्हणतात त्याप्रमाणे पाण्यापासून पळायचे आणि वाऱ्यापासून लपायचे. तुम्हाला अटलांटापर्यंत जायचे नाही. झोनच्या बाहेर, वीस-तीस मैलांवर, उंच जागी आणि चांगल्या बांधणीच्या घरात पोहोचायचे आहे. टॅम्पाच्या पूर्वेकडे एखादे ओळखीचे मराठी कुटुंब असेल तर आताच त्यांच्याशी बोलून ठेवा, कारण चेतावणी आल्यावर हॉटेलात खोली मिळत नाही.

वेळेचा हिशेबही केंद्र किनाऱ्याला लागण्याच्या क्षणावरून करू नका. पिनेलास हा द्वीपकल्प आहे. हॉवर्ड फ्रँकलंड, गँडी, कोर्टनी कॅम्पबेल आणि स्कायवे या पुलांच्या वाटांवर बाहेर पडणे मुख्यतः अवलंबून आहे, आणि वारा ताशी ४० मैलांच्या आसपास गेला की पूल बंद होऊ लागतात. हा वारा केंद्राच्या कितीतरी तास आधी येतो. हरिकेन वॉर्निंग साधारण त्याच्या ३६ तास आधी दिली जाते, पण वादळ मध्येच झपाट्याने बळावले तर विचार करायला तेवढाही अवधी मिळत नाही. २४ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी ओटिस हे साधे उष्णकटिबंधीय वादळ होते आणि त्याच मध्यरात्रीनंतर ते पाचव्या श्रेणीचे होऊन अकापुल्कोवर आदळले. तुमच्यासारख्या घरासाठी मी हा नियम सुचवतो: काऊंटीने झोन ‘बी’ पुकारला की श्रेणी कोणतीही असो, त्याच दिवशी उजेड असताना निघायचे, आणि आईवडील घरात असतील तेव्हा झोन ‘ए’ पुकारला तरी निघायचे. अंदाजाच्या नकाशावरील शंकूत आपले गाव मधोमध आहे की कडेला, याला महत्त्व देऊ नका. तो शंकू केंद्राचा संभाव्य मार्ग दाखवतो, वादळाची रुंदी नव्हे.

आईंच्या इन्सुलिनचा प्रश्न वादळाच्या रात्रीपेक्षा नंतरच्या दोन आठवड्यांचा आहे. २०१७ मध्ये मारिया वादळानंतर पोर्तो रिकोत आरंभी ६४ मृत्यू जाहीर झाले. पुढे अभ्यासांती सरकारने २,९७५ हा आकडा स्वीकारला. वीज, औषधे आणि दवाखाने महिनोन् महिने बंद राहिल्याने ही माणसे गेली. महिनाभराचे इन्सुलिन जवळ ठेवा, थंड राखण्याची पेटी आणा, आणि काऊंटीच्या विशेष गरजांच्या निवाऱ्यासाठी आई पात्र ठरतात का ते विचारून नोंदणी हंगामाआधी करून घ्या. जनरेटर घेतला तर तो गॅरेजमध्ये, दार उघडे ठेवूनसुद्धा, चालवू नका. घरापासून किमान वीस फूट लांब ठेवा. वादळातून वाचलेली कुटुंबे त्याच्या धुराने झोपेत गेल्याची उदाहरणे दर मोठ्या वादळानंतर असतात.

शेवटी एक विनंती आहे. घर विकत घेताना तुम्हाला एलिव्हेशन सर्टिफिकेट मिळाले असेल तर त्यातील सर्वांत खालच्या मजल्याची उंची येथे लिहा. पत्ता देऊ नका, उंची पुरेशी आहे. गॅरेजच्या दारावरचा मानांकनाचा आकडा आणि छप्पर चारही बाजूंनी उतरते आहे की दोन बाजूंना त्रिकोणी भिंती आहेत, एवढेही कळवलेत, तर तुमच्या घराच्या बाबतीत याहून नेमके सांगता येईल.